पहिल्या गाडीच्या मुली

गॅदरिंगमध्ये स्टेजवरून वाचायचे फिशपाँड, म्हणजे एकमेकांची फिरकी घेणाऱ्या निनावी चिठ्ठ्या, पेटीत टाकायची मुदत शुक्रवारी संपली आणि शनिवारी तास सुटल्यावर आम्ही तिघं मराठी विभागात पेटी उघडून बसलो. वाङ्मय मंडळाचे सर, मी आणि यंदाची एलआर, म्हणजे मुलींची प्रतिनिधी. पेटी म्हणजे बुटांचा खोका. त्याला चकचकीत लाल कागद, वर ब्लेडनं कापलेली फट, फटीच्या कडेला सेलोटेप. खोका टेबलावर उपडा केला की वहीची पानं, रजिस्टरची पानं, एसटीच्या तिकिटांच्या पाठी असं काय काय पडतं. त्याचे तीन ढीग करायचे. वाचायच्या चिठ्ठ्या, दोन शब्द बदलून वाचायच्या, आणि फाडायच्या. तिसरा ढीग दरवर्षी सगळ्यात उंच असतो. कुणाच्या रंगावर, कुणाच्या जाडीवर, कुणाच्या आडनावावर, आणि कुणाचं कुणाबरोबर जुळलंय यावर तर अर्धा ढीग. सर चष्मा कपाळावर सरकवून भराभर फाडत होते. एलआर तोंडावर ओढणी धरून हसत होती. माझ्या हातात एक चिठ्ठी आली, चौकोनी वहीच्या पानाची, नीट चार घड्या घातलेली. निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, ‘एफवायबीएमधल्या पहिल्या गाडीनं येणाऱ्या मुलीवर पण कुणीतरी फिशपाँड लिहा. चांगला नसला तरी चालेल.’

मी ती मोठ्यानं वाचली. सर म्हणाले, “हा फिशपाँडच नाही. फाडा.”

त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्यात ना कुणाची फिरकी, ना यमक, ना नाव. नियमाप्रमाणे ती तिसऱ्या ढिगातच जायला हवी होती. मी ती डस्टरखाली सरकवली आणि पुढची उचलली. पुढची कॉमर्सच्या सरांवर होती आणि चांगली जमली होती. ‘सर शिकवती जमा-खर्च, मुलं बघती वेळ; घंटा व्हायच्या आधीच सरांचा आटपलेला खेळ.’ सगळे हसले. ती पहिल्या ढिगात गेली. मी हसले खरी, पण ‘चांगला नसला तरी चालेल’ हे शब्द काही डोक्यातून जाईनात.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. आर्ट्स-कॉमर्स सकाळच्या सत्रात, साडेसात ते साडेबारा. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून मुलं एसटीनं येतात. ‘पहिली गाडी’ म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. रात्री गावात जाऊन थांबलेली मुक्कामी गाडी पहाटे माघारी निघते, ती पहिली गाडी. तिच्या आगेमागे दुसरी गाडी नसते. ती चुकली की दिवस चुकला. त्यामुळे या मुली कॉलेजच्या दारात पावणेसातलाच येऊन बसतात, गेट उघडायच्या आधी. डिसेंबरात त्या वेळी धड उजाडलेलंही नसतं. ऊस दहिवरानं भिजलेला असतो, कारखान्याचा हंगाम सुरू असल्यामुळे हवेला मळीचा आंबूस वास येत असतो, आणि रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या मोठमोठ्यानं गाणी लावून चाललेल्या असतात. मुली स्कार्फ घट्ट बांधून, सॅक मांडीवर घेऊन पायरीवर ओळीनं बसतात. मी बरीच वर्षं त्यांच्या समोरून स्कूटी आत घेते. मान हलवते, त्या उठून ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणतात. त्यातल्या किती जणींची नावं मला येतात, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. वर्ग एकशेवीसचा. हजेरी नंबरावर होते. ‘सत्तेचाळीस’, ‘येस मॅम’. नावं घेत बसलं तर तासाची दहा मिनिटं जातात, हे खरंच आहे. पण म्हणजे एखादी मुलगी तीन वर्षं इथे येऊन पदवी घेऊन जाऊ शकते आणि या इमारतीत तिचं नाव मोठ्यानं एकदाही उच्चारलं गेलेलं नसतं, हेही तितकंच खरं.

गॅदरिंगचा आठवडा म्हणजे नावं उच्चारली जायचा आठवडा. माझ्या लेखी तरी त्याचा अर्थ हाच. एरवी कॉलेज म्हणजे नंबर, पीआरएन, बैठक क्रमांक. या आठवड्यात माईकवरून नाव येतं, रांगोळीच्या खाली खडूनं लिहिलेलं असतं, नोटीस बोर्डवर कबड्डीच्या संघात असतं, आणि या कशातच नसेल तर निदान फिशपाँडमध्ये असतं. बाहेरून बघणाऱ्याला हा सगळा नुसता धुडगूस वाटतो. आमच्या स्टाफरूममध्येही तसं म्हणणारे आहेत. विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक डोक्यावर, अंतर्गत गुण भरायचे राहिलेले, आणि त्यात ही मिसमॅच डे, टाय डे, ग्रुप डेची भानगड. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत पहिल्या वर्षाला आला, आणि त्यात सांस्कृतिक उपक्रम, खेळ, एनएसएस यांनाही श्रेयांक मिळायला लागले. तेव्हापासून एक नवीन प्रकार बघायला मिळतो. मुलं नाचायला नाव देताना विचारतात, “मॅडम, याचं क्रेडिट मिळेल ना?” मी हो म्हणते. नाचताना मात्र क्रेडिट कुणाच्या डोक्यात नसतं हे चेहऱ्यावर दिसतं, त्यामुळे मी फारसं मनावर घेत नाही.

मोठ्या शहरांत याचं रूप वेगळं. पवईच्या आयआयटीत १९७१ पासून मूड इंडिगो हा कॉलेज महोत्सव भरतो, तोही डिसेंबरातच, आणि त्याचे रील्स आमच्या मुलांच्या फोनवर त्याच रात्री येतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि तिथल्या मुलांचं वर्षच त्या तालमींभोवती फिरतं. आमची मुलं हे सगळं बघतात आणि मला विचारतात, “मॅडम, आपल्याकडे कुणी सेलिब्रिटी का नाही येत?” आपल्याकडे साहेब येतात, असं मी सांगते. ती हसतात. पण मला आमचं गॅदरिंगच आवडतं. लाल मातीच्या मैदानात बांबूचा मांडव, त्याला पिवळं-हिरवं कापड, स्टेजच्या मागे थर्माकोलची अक्षरं, आणि त्यातलं ‘स्नेहसंमेलन’मधलं एखादं अक्षर वाऱ्यानं सुटून दिवसभर लोंबत असलेलं. साउंडवाला पोरगा सकाळपासून ‘हॅलो, माईक टेस्टिंग, हॅलो’ करतो आणि त्या आवाजानं लायब्ररीतले एमपीएससीवाले वैतागून बाहेर येऊन शेवटी मांडव घालू लागतात.

आमच्या वेळेस याच प्रकाराला वडीलधारी माणसं शेलापागोटे म्हणायची. आमचे सर फिशपाँड म्हणायचे आणि आम्ही ‘पाँड’. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी एसवायला होते, दोन वेण्या, त्यांना आई रोज सकाळी खोबरेल चोपडायची. गॅदरिंगला स्टेजवरून माझं नाव पुकारलं आणि मागून आलं, ‘तेल लावते एवढं तेल, की घाण्याला पडेल कमी, मागच्या बाकावर बसाल तर छत्री आणा तुम्ही.’ अख्खा मांडव हसला. माझे कान तापले, मान खाली. घरी येऊन आईला काही न सांगता मी शिकेकाईनं केस धुतले, दोनदा. आई म्हणाली, “आज काय वार आहे?” मी रडत होते की शिकेकाई डोळ्यांत गेली होती, हे तिला कळलं नसावं. पुढे वर्षभर काही मुलं मला ‘छत्री’ म्हणायची. त्याचा त्रास झालाच. पण हेही सांगायला हवं की दुसऱ्या दिवशी टीवायच्या दोन मुली, ज्यांनी त्याआधी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, जिन्यात थांबून म्हणाल्या, “तूच ना ती तेलवाली? ये की आमच्यात.” त्यांच्यातली एक आजही माझी मैत्रीण आहे. आणि माझ्या बाकावर बसणारी जी होती, तिच्यावर त्या वर्षी काहीच आलं नाही. घरी जाताना वाटेत ती म्हणाली, “बरं झालं बाई, माझ्यावर काही नाही आलं.” थोडं चालून झाल्यावर पुन्हा म्हणाली. कोपऱ्यावर वळताना पुन्हा. मला तेव्हा तिचा राग आला होता, मी भाजून निघालेली आणि हिला आपलं बरं वाटतंय. ती तेच तेच का म्हणत होती, याचा विचार मी या शनिवारी त्या निळ्या अक्षरांसमोर पहिल्यांदा केला.

याचा अर्थ फिशपाँड निरुपद्रवी असतात असा नाही. मी इतकी वर्षं त्या तिसऱ्या ढिगापाशी बसते, मला माहीत आहे त्यात काय काय असतं. काही चिठ्ठ्या वाचून हात धुवावेसे वाटतात. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. त्यात रॅगिंगची व्याख्या करताना मारहाणीबरोबरच चिडवणं आहे, चेष्टा करणं आहे, विद्यार्थ्याला लाज वाटेल किंवा तो संकोचेल असं वागणं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. कायदा अक्षरशः लावायचा तर फिशपाँडचा अख्खा कार्यक्रमच त्यात बसतो. माझ्या दोन वेण्यासुद्धा बसतील. म्हणून तर छाननी आली, विद्यार्थ्याचं नाव असेल तर त्याला आधी विचारायचं असं ठरलं, जात, रंग, शरीर, घरची परिस्थिती यांवरचं काहीही वाचायचं नाही असं ठरलं. हे सगळं ठरवण्यात मी पुढे होते आणि आजही ते बरोबरच आहे. फक्त असं झालं की छाननीतून जे पार पडतं ते बहुतेक शिक्षकांवर, जीएसवर म्हणजे मुलांच्या जनरल सेक्रेटरीवर, कबड्डीच्या कॅप्टनवर आणि कॅन्टीनच्या चहावर असतं. ज्यांना सगळे ओळखतात त्यांच्यावरच. जिला कुणी ओळखत नाही तिच्यावर आधीही कुणी लिहीत नव्हतं, आताही लिहीत नाही. नियमानं तिचं संरक्षण केलं, पण तिला संरक्षण कशापासून हवं होतं हे कुणी विचारलं नाही.

जीएसचं म्हणाल तर तोही आता पूर्वीसारखा उरला नाही. आमच्या वेळी निवडणूक व्हायची, गेटवर चिन्हं रंगवलेली, एकेका मतासाठी मुलं घरी येऊन आईच्या हातचा चहा पिऊन जायची. मारामाऱ्याही व्हायच्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर नेमणूक आली. २०१६ च्या कायद्यानं त्या पुन्हा आणल्या, पण आमच्या मैदानावर त्यांचं वारं काही अजून आलेलं नाही. मार्कांवर नेमलेला जीएस सभ्य असतो. वेळेवर येतो, व्हाउचर नीट लावतो. पण त्यानं कधी मत मागितलेलं नसतं, त्यामुळे मागच्या बाकावर कोण बसतं हे त्याला माहीत असायचं कारण नसतं.

सोमवारपासून डेज सुरू झाले आणि माझं एक नवीनच काम सुरू झालं. मी बघत होते. अक्षर ओळखणं मला अवघड नव्हतं, एफवायच्या असाइनमेंट माझ्याच कपाटात होत्या. तो गठ्ठा काढून पाच मिनिटांत मुलगी सापडली असती. पण त्या पेटीचं एकच वचन असतं, कोण लिहितं ते कळणार नाही, आणि ते मोडायचा मला अधिकार वाटला नाही. शिवाय सापडली असती तरी करणार काय? तिला बोलावून ‘बाळ, तुला काय होतंय’ असं विचारलं असतं तर ती मेल्याहून मेली झाली असती.

साडी डे मंगळवारी होता. पहिल्या गाडीच्या मुलींपुढे साडी डेचा प्रश्न फार व्यावहारिक असतो. पहाटे पाचला साडी नेसून, निऱ्या मुठीत धरून अंधारात एसटीच्या उंच पायरीवर चढायचं, की साडी सॅकमध्ये घालून आणायची? बऱ्याच जणी आणतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मध्ये नॅप्थलीनचा वास, आईच्या लग्नातली किंवा मामीनं दिलेली. ब्लाउज आईचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिना. लेडीज रूममध्ये आरसा एकच, त्याचा पारा खालच्या कोपऱ्यातून उडालेला. तिथे सफाईच्या मावशी साडेसहापासून उभ्या होत्या. हे त्यांचं काम नाही. कुठल्याही परिपत्रकात नाही. पण दरवर्षी साडी डेला त्या स्वतःहून लवकर येतात. चार पिना ओठांत धरलेल्या, त्यामुळे बोलणं सगळं हुंकारात. पदर खांद्यावर टाकून मापला, पिन. मग उरलेलं कापड डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत मागेपुढे घेत सात-आठ निऱ्या, त्या वरून एकदा झटकल्या, खालून पायाच्या बोटानं दाबून सरळ केल्या, मुलीच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, “श्वास आत घे. अजून घे. जेवली नाहीस का गं?” आणि खोचल्या. एकेकीला चार मिनिटं. मुलगी आरशात बघेपर्यंत दुसरी समोर. मी दारात उभी राहून बघत होते. त्या प्रत्येकीला नावानं हाक मारत होत्या. मावशींना हजेरीपट लागत नाही.

नंतर बागेत फोटो. गावातल्या मुलींकडे चांगले फोन, त्यांचे ग्रुप ठरलेले, कारंज्यापाशी कुणी, अशोकाच्या झाडापाशी कुणी. दर दहा मिनिटांनी एखादीला हाक मारली जाई, “ए, आमचा एक काढ ना गं.” आणि ती येऊन फोन घेई, गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, ‘थोडं उजवीकडे’ म्हणत अगदी मन लावून फोटो काढून देई. त्या दिवशी मी पहिल्यांदा फोटोकडे न बघता फोटो काढणारीकडे बघितलं. पुन्हा पुन्हा त्याच तीन-चार मुली. त्यातली एक जांभळ्या इरकलीत होती आणि फारच देखणी दिसत होती. मी पुढे होऊन म्हटलं, “दे इकडे, तुझा काढते.” ती म्हणाली, “नको मॅडम, माझ्या फोनला कॅमेरा नाही नीट.” मी माझ्या फोनवर काढला. तिनं तो बघितला, हसली, आणि मला पाठवा असं काही म्हणाली नाही. मीही नंबर विचारला नाही. विचारायला हवा होता की नको, हे अजूनही ठरत नाही. चिठ्ठी तिचीच असेल असंही मला वाटलं, आणि नसेल असंही.

मधले दोन दिवस नेहमीच्या गडबडीत गेले. रस्सीखेचीत दोर तुटला. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर याच आठवड्यात दत्तक गावी लागलं होतं, तिथून चार मुलं लेझीमच्या तालमीसाठी बिनपरवानगी पळून आली आणि कार्यक्रम अधिकारी त्यांना गाडीवर बसवून परत घेऊन गेले. पाककृती स्पर्धेचं परीक्षण माझ्याकडे नव्हतं, हे माझं नशीब. गुरुवारी रात्री मात्र मी जेवण झाल्यावर टेबलाशी बसले आणि एक फिशपाँड लिहिला. प्राध्यापकांनी पेटीत टाकू नये असा नियम नाही. तसा कुणाला सुचलाच नसावा. मला कवितेचं अंग नाही, यमकं जुळवताना घाम फुटला, पण चांगला नसला तरी चालणार होता.

‘पहिल्या गाडीच्या मुलींना’ असं वर लिहिलं. खाली: ‘उजाडायच्या आधीच येती, गेटवर करती गजर, मामा येती तेव्हा यांची पायरीवरती हजर. मामा म्हणती, पोरींनो घ्या, तुम्हालाच ही चावी. पगार माझा, ड्युटी तुमची, अशी नोकरी हवी!’ मामा म्हणजे आमचे गेटचे शिपाईमामा. व्याकरणाकडे काणाडोळा केला. डाव्या हातानं नवीन कागदावर उतरवला आणि सकाळी गुपचूप पहिल्या ढिगात घातला.

शुक्रवारी गॅदरिंग. आमच्याकडे गॅदरिंग दिवसा असतं, सकाळी अकराला, कारण मुलींना चारची गाडी गाठायची असते. चारनंतर थेट रात्रीची मुक्कामी, आणि त्या गाडीनं येऊ द्यायला घरचे तयार नसतात. हे सगळ्यांना माहीत आहे. अकराला मांडव भरला. साडेअकराला निरोप आला, साहेब निघाले. बाराला निरोप आला, साहेब वाटेत एका उद्घाटनाला थांबले. मुली नाचाचे कपडे घालून, ओठ रंगवून, घुंगरू बांधून वर्गात बसून होत्या, त्यांना पाणी प्यायला सांगितलं तर लिपस्टिक जाईल म्हणून पिईनात. साहेब आले एकच्या पुढे. मग स्वागतगीत, दीपप्रज्वलन, वारा असल्यामुळे विझलेल्या वाती पुन्हा पेटवणं, शाल-श्रीफळ, अहवालवाचन. अहवालाला किती वेळ लागला ते सांगत नाही, तो मीच लिहिला होता. मग साहेबांचं भाषण. आपणही याच मातीतले, आपणही एसटीनं शिकलो, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. बक्षीसवाटप झालं. पहिला नाच स्टेजवर आला तेव्हा पावणेतीन वाजले होते.

फिशपाँड आमच्याकडे सलग नसतात. एक नाच संपून दुसरा येईपर्यंत जो खोळंबा होतो, त्यात निवेदक दोन-तीन वाचून वेळ मारून नेतो. म्हणजे नेमका कुठला कधी येईल, हे त्याच्या हाताला लागेल तसं. कोळीगीत झालं, दोन फिशपाँड. लावणी झाली, वन्समोअर झाला, तीन फिशपाँड. साडेतीनला डाव्या बाजूच्या रांगा हलायला लागल्या. मुली वाकून, खुर्च्यांच्या मधून, सॅक पोटाशी धरून निघाल्या. मी निवेदकाला खूण करायला स्टेजच्या पायरीपर्यंत गेलेही होते. पण काय सांगणार होते त्याला? तो वाच म्हणून? मग तो माझा हे अख्ख्या कॉलेजला कळलं असतं. मी परत फिरले. ‘पहिल्या गाडीच्या मुलींना’ हा त्यानं वाचला तेव्हा चार वाजून गेले होते. पहिल्या गाडीच्या मुली चारच्या गाडीत होत्या.

मांडवात हशा मात्र चांगला पिकला. कारण मामा. मुलं ‘मामा! मामा!’ करून ओरडायला लागली, कुणीतरी शिट्टी मारली, मागची मुलं उभी राहिली. मामा साउंडच्या खोक्यापाशी उभे होते, वायरवर कुणी पाय देऊ नये म्हणून. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि हात जोडून चारी बाजूंना फिरले, निवडून आलेल्या माणसासारखे. संध्याकाळी खुर्च्या मोजून झाल्यावर ते माझ्याकडे आले. “मॅडम, ते माझ्यावरचं जे वाचलं, तो कागुद मिळंल का? घरी दाखवतो. इतकी वर्सं झाली, आपल्यावर कुणी लिवलं नव्हतं.” मी शोधून दिला. त्यांनी वाचला, आणि म्हणाले, “पोरीच असतील लिवणाऱ्या. त्यांनाच ठाव असतंय मी कधी येतो ते.” मी म्हटलं, असतील.

मला त्या क्षणी बरं वाटलं की वाईट, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. लिहिला एकीसाठी, पोचला दुसऱ्याकडे, आणि त्यालाही तो तितकाच हवा होता. पण म्हणून पहिलीची थकबाकी फिटत नाही. कुणीतरी व्हिडिओ काढला असेल, तो फिरत फिरत तिच्याकडे गेला असेल, असं मी मनाशी म्हणून बघितलं. असेलही. त्यात तिचं नाव नाहीच. मी सगळ्याजणींवर मिळून एक लिहिला होता, आणि तिनं तर ‘मुलीवर’ म्हटलं होतं, एकवचनी.

या सोमवारपासून मी एफवायची हजेरी नावानं घेते. दहा मिनिटं जातात. मुलांनी पहिल्या दिवशी एकमेकांकडे बघितलं, काहींना स्वतःचं पूर्ण नाव ऐकून हसू आलं, एकीनं ‘येस मॅम’ म्हणायच्या आधी मागे वळून बघितलं की दुसरी कुणी आहे का. अभ्यासक्रम मागे पडेल, तो फेब्रुवारीत जादा तास घेऊन भरेन.

दरम्यान जीएस हिशेब घेऊन आला. मांडव, साउंड, हारतुरे, फोटोग्राफर, सगळी व्हाउचरं पिना लावून. त्याचा एक प्रस्ताव आहे. पुढच्या वर्षी पेटी नको, गुगल फॉर्म ठेवू, म्हणजे छाननी सोपी जाईल आणि कागद वाया जाणार नाही. मी विचारलं, “ईमेल आयडी दिसणार?” तो म्हणाला, “हो ना मॅडम, म्हणजे कुणी काहीबाही लिहिणार नाही.” मुद्दा त्याचा चूक नाही. स्टाफरूममध्ये बहुतेकांना पटलाय. जानेवारीत आढावा बैठक आहे, तिथे मी खोक्याच्या बाजूनं बोलणार आहे, बहुधा एकटीच. पण तो विषय दुसरा. पहिला विषय मी वेगळाच दिलाय आणि इतिवृत्तात घालायला लावणार आहे. प्रवेशाच्या पावतीवर ग्रंथालय, जिमखाना यांच्या खाली ‘स्नेहसंमेलन’ असा रकाना असतो, आणि चारच्या गाडीनं जाणारी मुलगीही तो सगळ्यांइतकाच भरते. तेव्हा अकरा म्हणजे अकरा. पाहुणे आले तर आनंद, नाही आले तर मावशींच्या हातून दिवा लावू. दीपप्रज्वलनाला पाहुणेच लागतात असं कुठल्या परिपत्रकात लिहिलंय, ते मला कुणीतरी दाखवावं.